बटन बंद म्हणजे बंद

२१ फेब्रुवारी

रिटायर होताना डिपोच्या पोरांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल मायने घेतली, नारळाची चटणी झाली, डायरी तशीच पडून होती. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काम केलं.

घरातले सगळे दिवे एलईडी केले. नुसता बल्ब बदलणं म्हणजे काही काम नव्हे, ते कोणीही करते. मी ट्यूबच्या जुन्या पट्ट्या भिंतीवरच ठेवल्या, आतले चोक काढले, स्टार्टर फेकले, तारा सरळ जोडल्या आणि त्यात एलईडीच्या नळ्या बसवल्या. भावना म्हणत होती, नवीनच घेऊन टाका ना, सरळ. बायकोला कसं समजावणार? माझी अख्खी नोकरी रेल्वेत ट्रेन लाईटिंगमध्ये गेली, म्हणजे डब्यातले दिवे आणि पंखे. जुनं जपून चालतं ठेवणं हेच तर केलं.

मायच्या खोलीत बाबांनी लावलेला पितळी होल्डर आहे, लाकडी ठोकळ्यावरचा. तो मी काढू दिला नाही. घासून पुसून, आतल्या पिना मोकळ्या करून त्यात एलईडी लावला. आणि एक जास्तीचं काम केलं. मायला बटनासाठी उठून दारापर्यंत जावं लागायचं, म्हणून होल्डरपासून तार भिंतीवरून खाली आणली आणि उशाशी लोंबकळतं बटन दिलं. दाराजवळचं बटन आता कायम चालू. ठोकळ्यातल्या जुन्या तारा दोन्ही काळ्या, हाताला लागली ती तोडून बटनात घातली. दाबलं, लागला. दाबलं, विझला. माय लहान पोरीसारखी तीन-चारदा दाबून पाहत होती.

म्हणाली, "तुह्या बापानं पाहिलं असतं तर खूश झाला असता." आजचा दिवस छान गेला.

२३ फेब्रुवारी

माय पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करते. मी लवकर उठलो की मलाही मिळतो. आज चहा गाळता गाळता म्हणाली, "हिरा, तुहा दिवा बंद केल्यावरही डोळे मिचकावते रे."

मी म्हटलं, "माय, बटन बंद म्हणजे बंद. झोपेत हात लागत असन तुहा."

मी हसलो, ती हसली नाही.

दुपारी समोरच्या सत्यभामाबाईंकडे गेलो होतो. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, पण इतकी वर्षं रायपुरात काढल्यावर अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरतात. त्यांच्या बैठकीत सासऱ्यांच्या वेळचं झुंबर आहे, त्यात मेणबत्तीसारखे बारके बल्ब. अर्धे गेलेले. सगळे होल्डर साफ करून एलईडी लावून दिले. बाई म्हणाल्या, "हीराभैया, तुम्ही तर कमाल करून टाकली." पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून निरोप. रिटायर माणसाला कोणी बोलावणं म्हणजे काय असते ते रिटायर माणसालाच माहीत.

१ मार्च

आज फार लाज वाटली.

सकाळी फाटकाशी उभा होतो. सत्यभामाबाई आणि आणखी दोघी भाजीच्या ठेल्याजवळ. बाई मोठ्याने म्हणाल्या, "हीराभैया, आजी रोज रात्री कोणाले सिग्नल देऊन राहिल्या? आमच्या गॅलरीतून दिसते. चालू, बंद, चालू, बंद." सगळ्या हसल्या, भाजीवालाही हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले.

माय जेवून आठाच्या आत पडते. आज तिने पाठ टेकल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. खरंच. खिडकीत उजेड एकदम चमकला आणि गेला. मग बराच अंधार. मग पुन्हा. आत गेलो. माय पलंगावर बसलेली, बटन दोन्ही हातांत घट्ट धरलेलं आणि अंगठा त्याच्यावर.

"काय करून राहिली माय?"

"हा बंद राहत नाही रे. मी दाबते, तरी लागते."

"तूच दाबून राहिली ना, मंग लागणारच."

"तो आपल्या मनानं लागते, बापा."

"दिव्याले मन नसते, माय."

तिच्या हातून बटन घेतलं. दाबलं, लागला. दाबलं, विझला. म्हटलं, पाह्य, झाला ना बंद? ती वर होल्डरकडे पाहत बसली. बाहेर भावनाने ताट वाढलं होतं म्हणून मी निघून आलो.

जेवताना भावना म्हणाली, वय झालं आहे त्यांचं. बाबा गेले तेव्हा पेन्शनच्या ऑफिसात एकटी जाऊन बसणारी बाई ही. विहारात रविवारी वंदना हीच घेते, कागद हातात न धरता. आणि आता दिव्याशी खेळून राहिली.

४ मार्च

पुन्हा तेच. काल आणि परवाही. मी रागावलो. नको होतं रागवायला, पण रागावलो. "सगळा पारा हसून राहिला माय," असं म्हटलं. ती म्हणाली, "हसू दे. म्या बंद केला होता."

मोनाली बाहेरच्या खोलीतून ऐकत होती. आमची पोट्टी तेलीबांध्याला एका ऑफिसात जाते. मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. म्हणाली, "पापा, एक बार किसी इलेक्ट्रिशियन को दिखा लो ना. बल्ब में ही कुछ होगा."

मी म्हटलं, कोणाले दाखवू? डिपोत लोक मला आणून दाखवत. बटन बंद असताना दिवा लागला, असं अख्ख्या नोकरीत मी पाहिलं नाही. पोट्टीने कानात ते यंत्र घातलं आणि विषय संपला. या पोरांना वाटते, मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले की झालं.

९ मार्च

मायला समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. भावना मागून ऑटोने आली. डॉक्टर चांगला, तरुण, हळू बोलणारा. मायला तारीख विचारली. तिने तारीख नाही सांगितली, पौर्णिमा कधी आहे ते सांगितलं. शंभरातून सात-सात कमी करायला लावले, तिने दोनदा बरोबर केले आणि मग म्हणाली, "बापा, मी चौथीपर्यंत शिकली." त्याने तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, तिला तिन्ही आठवले. मग त्याने विचारलं, "अम्माजी, रात को लाइट चालू-बंद करती हैं?"

मायने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मग म्हणाली, "हव. करत असन."

डॉक्टरने सांगितलं, सुरुवात असू शकते, आत्ताच काही म्हणता येत नाही, लक्ष ठेवा. गोळ्या लिहून दिल्या. स्कूटरवर माय माझ्या मागे बसली होती. रोज ती रस्ताभर बोलते, हे दुकान कधी झालं, ते झाड कोणी तोडलं. आज काही बोलली नाही. मला मात्र हलकं वाटलं. एकदाचं तिने मान्य केलं.

१० मार्च

भावना म्हणाली, दिवा ठीक आहे, उद्या गॅस चालू ठेवला तर? बरोबर आहे तिचं. लायटर वरच्या कपाटात ठेवला. पहाटे माय स्वयंपाकघरात आली, इकडेतिकडे शोधलं आणि खुर्चीवर बसून राहिली. भावना उठेपर्यंत तशीच. विचारलंही नाही, लायटर कुठे गेला म्हणून. तिला वाटलं असेल, आपणच कुठेतरी ठेवून विसरलो.

१६ मार्च

रविवार. विहारात माय पुढे बसली नाही. मागे, भिंतीला टेकून बसली. अध्यक्षांनी हात केला तर ती म्हणाली, आता दुसऱ्या कोणाले सांगा, माह्या डोक्याचा भरोसा नाही. सगळे माझ्याकडे वळले. मीच मागच्या आठवड्यात दोघा-तिघांना सांगून ठेवलं होतं, की मायचं जरा विसरणं सुरू झालं आहे. लोक पाठीमागे बोलण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं. त्यांनी माना डोलावल्या. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वंदना दुसऱ्या बाईंनी घेतली, कागद पाहून. मायचे ओठ मागे हलत होते. एक शब्द चुकत नव्हता.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. चौदा एप्रिलला अख्खा समाज जमतो. तिथे हिने मध्येच काही केलं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं? आपल्या मायची लाज वाटून राहिली, ही गोष्ट मी इथे लिहून ठेवतो आणि कोणाला सांगत नाही.

१९ मार्च

माय रोज संध्याकाळी मोनालीला पलंगावर बसवते आणि सगळी वंदना म्हणून दाखवते. सांगते, चुकली तर थांबव. मोनाली म्हणे, "आजी, मुझे तो आता ही नहीं, मैं क्या पकड़ूंगी?" माय म्हणते, मंग आधी शिक. मी गेल्यावर कोणी तरी पाहिजे ना.

तारखा सांगून पाहते. आपल्या भावांची नावं, मेलेल्यांची सुद्धा, मोजते. आज मला विचारलं, "हिरा, तुहा जन्म बुधवारचा ना?" मी हो म्हटलं. मलाच माहीत नाही.

२२ मार्च

मायला दुर्गला कमलाकडे, माझ्या बहिणीकडे सोडून आलो. जरा हवापालट. जाताना तिने नेहमीप्रमाणे आपल्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. मग परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. परत फाटकातून वळली, पुन्हा ओढून पाहिलं. ही तिची सवय नव्हती.

२५ मार्च



आठाच्या सुमारास सत्यभामाबाईंचा फोन आला. "हीराभैया, आजी आल्या का दुर्गहून?"

म्हटलं, नाही, परवाच्या पुढे येईल.

"मंग खोलीत कोण आहे? लाइट तर तसाच होऊन राहिला."

मी अंगणात गेलो. खिडकी काळी. उभा राहिलो. चमकला. गेला. दाराशी आलो, कुलूप. खिडकीच्या जाळीला डोळा लावला. पलंगावर गादी गुंडाळलेली, तिच्यावर बटन पडलेलं. कोणी नाही. आणि बाबांच्या होल्डरमधला माझा एलईडी एकदम उजळला, सगळी खोली दाखवली, मायची चप्पल, बुद्धाची तसबीर, पाण्याचा तांब्या, आणि विझला.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. भावना पाठीमागे येऊन उभी राहिली होती. तिनेही पाहिलं.

२६ मार्च

भावनाजवळच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडलं. टेस्टर लावला. बटन बंद, आणि होल्डरमध्ये करंट.

मी जी तार तोडून बटनात घातली ती करंटची नव्हतीच, परतीची होती. न्यूट्रल. बटन बंद केल्यावर दिवा थांबायचा, पण करंट होल्डरपर्यंत येऊन बसलेलाच असायचा. त्यातला कणभर, भिंतीवरच्या त्या लांब तारेतून, झिरपत राहायचा. जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही झालं नसतं. एलईडी एवढ्या-एवढ्यावर पोट भरतो आणि एकदा चमकतो. मग पुन्हा भरतो.

हे मला का कळलं नाही? कारण गाडीच्या डब्यात दोन्ही तारा जमिनीपासून अलगच असतात, डीसी, कोणतीही तोडा, दिवा मेला म्हणजे मेला. हाताला लागेल ती तार तोडायची सवय. टेस्टर खिशात होता त्या दिवशी. काढला नाही. मला कोणाला विचारायची गरज नव्हती ना.

मागच्या आठवड्यात भावनाने बटन बंद करून तोच बल्ब आणि होल्डर फडक्याने पुसला होता. फडकं कोरडं होतं म्हणून. पुढचं लिहवत नाही.

तार बदलली. आता बंद म्हणजे खरंच बंद. दोन मिनिटं त्या रात्री मायजवळ उभा राहिलो असतो तर माझ्या डोळ्यांनी दिसलं असतं. ताट वाढलं होतं म्हणून आलो.

भावना एवढंच म्हणाली, "आल्या की सांगा त्यांना." मी म्हटलं, सांगतो.

ज्या ज्या घरी बटनाचं काम केलं होतं तिथे टेस्टर घेऊन गेलो. "जरा चेक करून राहिलो," एवढंच म्हटलं. सत्यभामाबाईंच्या जिन्यात झुंबरानंतर बटन लावून दिलं होतं, तिथेही तीच चूक. दुरुस्त केली. बाईंनी विचारलं, मंग काल रात्री कोण होतं खोलीत? म्हटलं, व्होल्टेजचं काहीतरी होतं. त्यांनी मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

३० मार्च

माय आली. मी पाठ केलं होतं काय सांगायचं ते. संध्याकाळी ती आपल्या खोलीत गेली, मी दाराशी. तिने बटन दाबलं, दिवा विझला. ती अंधारात बसून वाट पाहत राहिली. मी पण. काही चमकलं नाही.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. "हिरा, पाह्य. नाही लागला."

"नाही लागला, माय."

"गोळ्यांनी फरक पडला रे. हात थांबला माहा."

मी तोंड उघडलं. तिने अंधारात माझा हात धरला आणि म्हणाली, तू मले टायमावर नेलं बापा, नाहीतर मी वेडी होऊन मेली असती.

मी निघून आलो.

२ एप्रिल

आजही नाही सांगितलं. भावना माझ्याशी कामापुरतं बोलून राहिली.

६ एप्रिल

रविवार. वंदना झाल्यावर मायने सगळ्यांसमोर सांगितलं. उभी राहून. माह्या पोरानं माह्यावर राग न धरता मले डॉक्टरकडे नेलं, लोकं म्हाताऱ्याले कोपऱ्यात टाकतात, माह्या पोरानं गोळ्या आणल्या, आता हात नाही जात बटनावर. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. जय भीम, जय भीम करत दोघांनी येऊन हात मिळवला. अध्यक्ष म्हणाले, पोरगा असावा तर असा.

मी हात मिळवत राहिलो. हसलो सुद्धा.

घरी आल्यावर सत्यभामाबाई फाटकाशी. "हीराभैया, त्या डॉक्टरचं नाव द्या ना. आमच्या सासूबाईही विसरून राहिल्या." मी नाव सांगितलं. म्हणजे आता आणखी एका बाईला नेतील, शंभरातून सात कमी करायला लावतील. तिचं खरंच असेल किंवा नसेल. मला काय माहीत. मला काहीच माहीत नसते आणि मी सांगत असतो.

रात्री मोनाली म्हणाली, "पापा, मम्मी ने बताया. मैंने बोला था ना बल्ब." एवढंच. पोट्टीने पुढे काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

८ एप्रिल

सांगितलं.

दुपारी माय शेंगा सोलत होती. समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. चुकीची तार, न्यूट्रल, झिरपणं, कुलूप लावलेली खोली. तुहा हात कधीच गेला नव्हता म्हटलं. तू बंद करत होती. माहीच चूक.

ती ऐकत होती. मग माझ्या गालाला हात लावला, शेंगांची माती लागलेला. म्हणाली, "माह्यासाठी एवढं खोटं नको बोलू रे. मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला ना? मले बरंच वाटते आता. गोळ्या आहेत."

मी शपथ घेतली. ती म्हणाली, "तू? तू अन् चुकीची तार? काहीही सांगते." आणि हसली. पुन्हा शेंगा सोलायला लागली.

जन्मभर मी तिला सांगत आलो की माझ्या हातून लावलेला दिवा चुकत नाही. तिने तेवढं ऐकलं. आता दुसरं काही ऐकेना.

९ एप्रिल

आज स्टुलावर चढून मी माझं बरोबर केलेलं काम पुन्हा चुकीचं केलं. तोडून ठेवलेली करंटची तार जोडून टाकली, परतीची तार पुन्हा बटनात घातली, जशी फेब्रुवारीत घातली होती. हाताला घाम होता. चांगलं काम बिघडवायला इतका वेळ लागतो हे माहीत नव्हतं.

दिवेलागणीनंतर मायला बोलावलं. भावना, मोनाली दोघी दाराशी. पडदे ओढले. मी मायला म्हटलं, बटन बंद कर, आणि त्याला हात लावू नको. तिने बंद केलं आणि बटन उशीवर ठेवलं. मग मला म्हणाली, "तूही हात मागं घे." मी हात पाठीमागे बांधले.

अंधारात चौघं बसलो. मला वाटलं, आता हा चमकलाच नाही तर? तेवढ्यात चमकला. उशीवर बटन पडलेलं, मायचे दोन्ही हात मांडीवर. विझला.

थोड्या वेळाने पुन्हा.

तिसऱ्यांदा चमकला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती होल्डरकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. अंधार झाल्यावर तिचा आवाज आला, अगदी हळू.

"मंग मी बंदच करत होती."

"हो माय."

"रोज."

"हो."

"अन् त्या डॉक्टरले मी हव म्हटलं."

मी रडलो. म्हाताऱ्या माणसाला रडताना पाहणं पोट्टीला नवं होतं, ती येऊन माझ्याजवळ बसली आणि मराठीत म्हणाली, "पापा, नको."

माय मात्र उठली. खिडकी उघडून समोर हाक मारली, "सत्यभामा, इकडे ये, पाह्य." बाई आल्या. बाईंच्या मागून त्यांच्या सासूबाई आल्या. मायने सगळ्यांना पलंगावर बसवलं, बटन उशीवर ठेवलं आणि दिवा दाखवला. बाजूच्या घरचे आले. प्रत्येकाला पहिल्यापासून. "हे माह्या पोरानं लावलं. चुकीचं लावलं." आणि मला, "हिरा, सांग कसं होते ते." मी सांगायचो. न्यूट्रल, करंट, झिरपणं. एकाने विचारलं, तुम्ही तर रेल्वेत होते ना? मी म्हटलं, होतो.

सत्यभामाबाई जाताना मायच्या पाया पडल्या.

सगळे गेल्यावर तिच्या समोरच तार पुन्हा नीट केली. ती टेस्टर हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "माहा लायटर कुठं ठेवला ते आण." भावनाने वरच्या कपाटातून काढून दिला. मायने तो पदराला बांधला, किल्लीच्या शेजारी.

१४ एप्रिल

विहारात उभं राहायला जागा नव्हती. माय पुढे बसली. वंदना सुरू झाली, आणि मध्येच ती थांबली.

एवढी माणसं, पण त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मनात आलं, खरंच विसरली. इतकं सगळं होऊनही पहिल्यांदा तेच मनात आलं.

माय खोकली. तांब्यातलं पाणी प्यायली आणि होती तिथून पुढे सुरू केलं. घसा कोरडा पडला होता, बस.

१७ एप्रिल

एक नवीन गोष्ट झाली आहे. माय रोज झोपताना हाक मारते. "हिरा, बंद केला पाह्य." मी जातो, अंधार असतो, मी सांगतो, झाला माय, बंद आहे. मग ती कूस वळते. जेवणावरून उठून जावं लागते, पण जातो.

पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. वाटलं, आपण तिच्या मनात शंका घातली ती घातलीच. दिवा दुरुस्त झाला, पण माय झाली नाही. आता मरेपर्यंत ती दुसऱ्याला विचारून झोपेल आणि ते माझ्यामुळे. भावनालाही असंच म्हटलं.

आज गेलो, नेहमीप्रमाणे सांगितलं. मग पलंगाच्या काठावर बसलो आणि म्हटलं, "माय, आता काहून विचारते रोज? तूच बंद करते, तुले माहीत आहे ना. तुह्या डोक्याले काही झालं नाही."

ती म्हणाली, "मले माहीत आहे बंद आहे. मी कुठं विचारून राहिली?"

"मंग रोज हाक काहून मारते?"

"तुले दाखवून राहिली."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी थोडा वेळ तिथेच बसलो, अंधारात, ताट वाढलेलं असताना.